पाईपाची झोळी

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात उदगीरच्या रत्नम्मानं आपल्या साड्यांच्या दुकानात माशांची पेटी बसवायचं ठरवलं. गल्लीला वाटलं, बाईला ऊन लागलं. घर लिंगायताचं, प्यायला टँकर, आणि हिला मासे!

पण रत्नम्मा उगाच हट्टाला पेटणारी बाई नव्हती. नांदेडला बहिणीकडे गेली असताना एका दवाखान्यात तिनं अशी पेटी पाहिली होती. रडकी पोरं काचेला नाक लावून गप्प उभी होती. दुकानात पोरं अशी रमली तर आयांना निवांत साड्या बघता येतील, हे तिनं तिथंच हेरलं. शिवाय पाणी रोज बदलायचं नव्हतंच. दुकानाखाली तळघर होतं, भर उन्हाळ्यातही गार. तिथं एक टाकी ठेवायची, पेटीतलं पाणी पाईपानं खाली आणायचं, गाळून, गार करून पंपानं परत वर चढवायचं. तेच पाणी फिरत राहणार, मासेही उकाड्यात तगणार.

पाईप जोडायचं काम तिच्या नवऱ्यानं, बसवंतनं, अंगावर घेतलं. तळघरात साड्यांचे गठ्ठे रचलेले, म्हणून टाकी पार पलीकडच्या भिंतीला गेली. प्लास्टिकचा पाईप दुकानाच्या फरशीतल्या भोकातून खाली उतरून एल्बोवर, म्हणजे काटकोनी जोडावर, वळला आणि गठ्ठ्यांच्या डोक्यावरून आडवा निघाला.

"मधे कुठं टेकू नको का?" रत्नम्मानं विचारलं.

"कशाला? लोखंडावानी कडक हाय." बसवंतनं पाईपावर टिचकी मारली. रिकामा पाईप खरोखरच पट्टीसारखा सरळ दिसत होता.

सकाळी टँकर आला. पेटी भरली, टाकी भरली, पंप सुरू झाला आणि बसवंत मोठ्या समाधानानं समोरच्या हॉटेलात चहाला गेला. तिथं किराणावाले मलप्पा आणि भांड्यांचे दुकानदार सिद्धराम यांचं रोजचंच भांडण रंगलं होतं: उदगीर जिल्हा होणार की नाही.

रत्नम्मा तळघरात उतरली. पाण्यानं भरलेल्या पाईपाचं पोट सुटलं होतं. तो मधोमध खाली लोंबत होता, त्याच्या ओझ्यानं एल्बो सांध्यातून निसटत होता आणि थेंब नेमके लग्नाच्या साड्यांवर पडत होते. ती गठ्ठ्यावर चढली आणि दोन्ही हातांनी पाईप वर उचलला. थेंब थांबले. हात जरा ढिला केला, पुन्हा सुरू.

"अहो! लवकर या! हात सोडता येईना मला!"

बसवंत धावत आला. त्यानं पंप थांबवला, टाकीजवळचा वाल फिरवून बंद केला, तरी पाईप भरलेलाच.

"वाल उघडून सगळं टाकीत सोडतो."

"टाकी काठोकाठ हाय! सगळं गठ्ठ्यांवर येईल."

"मग वरची पेटी उपसू."

"कशात? टँकर आलाय सकाळी. घरातली वाटीसुद्धा भरलेली हाय!"

बसवंतनं पुढचा तुकडा उचलून धरला. हाका ऐकून मलप्पा आणि सिद्धराम उतरले आणि तेही रांगेत उभे राहिले. चार मोठी माणसं, दरोडेखोरानं दम दिल्यासारखी, हात वर करून.

"बघा सिद्धरामअण्णा," मलप्पांना राहवेना, "जिल्हा झाला की कलेक्टर हितंच बसंल."

"आत्ता आला तर आपल्याला आत टाकंल. पाईप नीट धरा!"

तेवढ्यात वरून हाक आली, "दुकानात कुणी हाय का?"

गिऱ्हाईक! रत्नम्मानं पाईप न सोडताच ओरडून सांगितलं, "हाव, मावशी! खालीच या!"

मुखेडकडच्या सरजाबाई आपल्या भाचीला, शिवकन्येला, घेऊन लग्नाचा बस्ता बांधायला आल्या होत्या. पाण्यापायी दोनदा पुढं ढकललेलं लग्न, मांडवही छोटा; पोर सकाळपासून एका शब्दानं बोलली नव्हती. पायऱ्या उतरून तिनं ती हात वर केलेली रांग पाहिली, पदर तोंडाला लावला आणि अशी हसत सुटली की तिला पायरीवर बसावं लागलं. तिच्या हसण्यानं सरजाबाई हसल्या, मलप्पाही हसले आणि पाईप हलला.

"हसू नका हो, गळायला लागलं!" रत्नम्मा ओरडली, पण तिलाच हसू आवरत नव्हतं.

शिवकन्येनं डोळे पुसत वर पाहिलं. "काकू, छताला लोखंडी गर्डर हायत की. लेकराला बांधतो तशी झोळी बांधा ना पाईपाला."

रत्नम्मानं मान वर करून गर्डर बघितले. मग म्हणाली, "कोपऱ्यात गठ्ठ्यांचे पट्टे पडलेत बघ. मावशी, माझ्या जागी उभं राहता का?"

सरजाबाईंनी पदर खोचून पाईप धरला. रत्नम्मा आणि शिवकन्या गठ्ठ्यांवर चढल्या. पहिली झोळी एल्बोला लागूनच बांधली, सगळा भार तिथंच होता. पाईप घासू नये म्हणून खाली गोणपाटाची घडी. पुढं दर दोन हातांवर एक. एक पट्टा जास्त ओढला गेला तसा पाईप मधेच उंच झाला; रत्नम्मानं तो सोडून पुन्हा बांधला, कारण पाण्याला टाकीकडं उतार हवा होता. झोळी झाली की खालचा माणूस सुटायचा. शेवटी मलप्पा राहिले.

"सोडू का?"

"सोडा."

थेंब पडला नाही. बसवंतनं वाल उघडला, पंप लावला आणि पाणी गुपचूप वाहू लागलं. पाईप झोळ्यांमध्ये तान्ह्या बाळासारखा पडून होता.

बस्ता मग तळघरातच बांधला. गार होतं, आणि कुणालाच वर जायची इच्छा नव्हती. शिवकन्येनं एकामागून एक घड्या मोडायला लावल्या, साड्या खांद्यावर टाकून बघितल्या आणि अखेर डाळिंबी रंगाची निवडली. सिद्धराम कौतुकानं "झकास!" म्हणाले.

मासे पेटीत सोडायचा मान रत्नम्मानं तिलाच दिला. पिशवीतून सुटलेले केशरी मासे आधी बावरले, मग पसरले.

दुसऱ्या दिवशी बसवंतनं एल्बो नव्यानं चिकटवला आणि बाजारातून रबर लावलेले लोखंडी क्लॅम्प आणून गर्डरला बसवले, एकेका झोळीच्या जागी. बायकोनं काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "दर दोन हातांवर लावलेत. मोजून घे."

महिन्याभरानं हळदीच्या अंगाची शिवकन्या नवऱ्याला घेऊन दुकानात आली. पोरगा लाजाळू होता. रत्नम्मानं चहा मागवला, मासे दाखवले. तो माशांकडं बघून नुसता हसला आणि हळूच म्हणाला, "काकू, ते तळघर बघायचं होतं. हिनं हात वर करून सगळी गोष्ट तीनदा सांगितली मला."

"चल की," म्हणत रत्नम्मा किल्ली घेऊन पुढं झाली.