दादाचे शब्द

दादाचा आवाज गेला आणि घरातल्या प्रत्येकाला पहिल्यांदा आठवलं ते त्याचं रागावणं. त्याची उभी हयात रेडिओवर मुलांना गोष्टी सांगण्यात गेली होती. राजा तोच, राक्षस तोच, आणि रुसलेली राजकन्याही तोच. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं, त्यानंतर मुलीनं त्याच्या फोनमध्ये टाइप केलेलं बोलून दाखवणारं काहीतरी घालून दिलं. पण ते यंत्र ‘पाणी दे’ म्हणायचं तेही लिफ्टनं मजला सांगावा तसं. दादानं ते दोन दिवस वापरलं, मग फोन उशीखाली सारला आणि खिडकीशी बसून राहिला. शेवटी वहिनी दादाच्या धाकट्या भावाकडे आली.

“भाऊजी, परक्यांचे आवाज दिवसभर कापता-जोडता. घरचा एवढा एक जोडून द्या. ह्यांनी बोलणंच टाकलंय हो.”

केस पिकले तरी धाकटा सगळ्यांचा धाकटाच राहिला होता. आपल्या घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना जाड गाद्या ठोकून, तो जाहिरातींचं आणि नाटकांचं ध्वनिसंकलन करायचा. खोकले काढायचे, अडखळणं काढायचं, दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींत अशा विरघळवायच्या, की ऐकणाऱ्याला सांधा सापडू नये. दादाची जुनी रेकॉर्डिंग्ज त्यानं संगणकात भरली आणि कामाला लागला. ‘नको रे राजा’मधून नको निघालं. ‘दार उघड’ तर एका राक्षसाकडे आयतंच मिळालं, फक्त त्याची गुरगुर कमी करावी लागली. पंचाईत साध्या शब्दांची होती. राजे चहा पीत नाहीत. तेव्हा ‘चतुर’चा च आणि ‘हात’चा हा शेजारी बसवून त्यानं चहा केला, आणि तो इतका फक्कड जमला की स्वतःशीच हसला.

कंटाळा मात्र कुठेच सापडेना. दादाच्या गोष्टींत कुणालाही कंटाळा येत नव्हता. तुकडे जोडून पाहिले, शब्द तोतरा व्हायचा. मग धाकट्यानं माइक पुढे ओढला आणि दादासारखा, किंचित खर्जात, तो शब्द स्वतःच म्हटला. लहानपणी दाराआडून हाक मारली तर आईसुद्धा फसायची. एका शब्दानं काय बिघडणार होतं?

सकाळी त्यानं तो तुकडा पुन्हा लावला. शब्दाच्या आधी एक श्वास होता. नाकातून बारीक शीळ वाजावी तसा. गोष्टीला सुरुवात करण्याआधी दादा घ्यायचा तो. धाकट्याला वाटलं, कामाच्या नादात आपणच दादाचा श्वास उचलून इथे डकवला असणार. पण तिथे सांधा नव्हता. श्वासापासून शब्दापर्यंत सगळं एकसंध, एका दमात म्हटलेलं होतं. त्यानं श्वास कापून टाकला आणि तो विषय मनातून काढला.

फोन तयार झाला तेव्हा सगळे दादाच्या खोलीत जमले. दादानं टाइप केलं आणि फोन म्हणाला, “चहा टाक.” वहिनीनं तोंडाला पदर लावला आणि हसत-रडत आत गेली. त्या दिवशी घरात चार वेळा चहा झाला. सगळे पांगल्यावर दादानं फोनला म्हणायला लावलं, “कंटाळा.” पुन्हा एकदा, “कंटाळा.” मग धाकट्याकडे वळून त्यानं टाइप करून दाखवलं : हा मी कधी म्हटला?

“असेल कुठल्यातरी गोष्टीत,” धाकटा म्हणाला.

दादा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग खुशीत मान डोलावली आणि पुढचे शब्द मागितले.

आणि मग मागतच राहिला. औषध, उकाडा, शेजारी, मूर्ख. माणूस सुधारत होता, त्याच्या गालांवर रंग येत होता. वहिनी सांगायची, ह्यांना पुन्हा माणसांत आणलंत. धाकट्याला नाही म्हणवेना. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये शोधणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. माइक ओढायचा आणि म्हणून मोकळं व्हायचं. आवाज खाली आणण्याची गरजही आता पडत नव्हती.

एकदा बायकोनं दारातून डोकं घातलं. “दादा कधी आले? मला सांगायचं तरी.”

“कुणी नाही आलं. मीच होतो.”

ती हसली, पण खोलीभर नजर फिरवूनच गेली. पुढच्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकानं फोनवर त्याला विचारलं, “आपण कोण बोलताय? जरा त्यांना देता का?” धाकट्यानं सर्दीचं निमित्त सांगितलं. मग संगणकात शोधून त्यानं स्वतःचा जुना आवाज काढला. एका नाटकाच्या तालमीत तो कुणाला तरी सूचना देत होता. पातळसा, घाईघाईचा आवाज. ओळखीचा वाटला, पण शाळेतल्या एखाद्या सोबत्याचा वाटावा, तितकाच. तीच सूचना त्यानं आता माइकमध्ये म्हटली आणि दोन्ही तुकडे एकाखाली एक लावले. जुळेनात. मग तिसरा, दादाचा, लावला.

तो उठला, यंत्रं बंद केली आणि भर दुपारी दादाकडे गेला. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं तर तो फक्त मान हलवत होता. आता पुरे, एवढंच सांगायचं होतं.

दादा खिडकीशी बसला होता. गळ्याला मऊ मफलर, हात मांडीवर. फोन पलंगापलीकडे चार्जिंगला लावलेला होता. आतल्या ओट्याशी वहिनी पाठमोरी भांडी विसळत होती. धाकटा आला हे तिला कळलंही नव्हतं.

“आता पुरे,” धाकटा म्हणाला. “यापुढे शब्द मिळायचे नाहीत.”

“अहो, कुणाशी बोलताय?” वहिनीनं मागे न बघताच विचारलं. तिच्या स्वरात जरासुद्धा आश्चर्य नव्हतं. “आणि उन्हातून उठा बरं आता.”

धाकट्यानं दादाकडे पाहिलं. दादा खिडकीतून बाहेर बघत होता, चेहरा निवांत. शेवटचा शब्द म्हणून झाल्यासारखे त्याचे ओठ नुकतेच मिटत होते.

वहिनीला हाक मारायला हवी होती. मी आहे, धाकटा, असं सांगायला हवं होतं. शब्द घशापर्यंत आले होते, श्वासही भरून झाला होता. आणि धाकटा दादाचे ओठ हलायची वाट पाहत तिथेच उभा राहिला.