उलटी कड

वैशाखातल्या दुपारी, मंगळवार पेठेतली आमची गल्ली उन्हानं गप्प पडलेली असताना, खालच्या स्वयंपाकघरातून बीटरची घरघर सुरू व्हायची आणि तिच्या पाठोपाठ व्हॅनिलाचा तो गोडसर, ओशट, औषधाची बाटली लवंडल्यासारखा वास जिना चढून माझ्या खोलीपर्यंत यायचा. अजूनही कुठे तो वास आला की मला माझी थोरली जाऊ दिसते. खिडकीतून उतरलेल्या उन्हाच्या पट्ट्यात ती उभी आहे, पदर कमरेला खोचलेला, एका हातात बीटर, दुसऱ्या हातानं पातेलं पोटाशी धरलेलं, आणि कोपरापर्यंत गुलाबी शिंतोडे उडालेले. चित्र म्हणून ते सुंदर असेलही. मला मात्र त्या वासानं मळमळायचं आणि अजून मळमळतं; उगाच खोटं कशाला बोलू.

तिला मी अक्का म्हणते. गडहिंग्लजच्या पलीकडे, जिथे मराठी बोलता बोलता माणूस नकळत कानडीत शिरतो, तिथलं तिचं माहेर. मी मलकापूरहून या घरात सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं, "जाऊबाई-बिऊबाई न्हाय हं, अक्का म्हणायचं." मी शाळेत मराठी शिकवते म्हणून ती मला मास्तरीण म्हणते. त्या हाकेत कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही.

अक्काला मी ओळखते ती तिच्या हातांवरून. बोटं आखूड, जाड, पेरांशी फुगलेली. अंगठा जरासा मागे वाकलेला. दारात म्हशी होत्या तेव्हा पहाटेच्या अंधुक उजेडात या हातांखाली दुधाची धार बादलीत वाजायची, आणि त्या आवाजानंच आमच्या घरात दिवस उगवायचा. ऋतू बदलला की तिच्या हातांचा वास बदलायचा. हिवाळ्यात गुळाचा, उन्हाळ्यात पापडखाराचा, श्रावणात हळदीच्या पानांचा, आणि बारा महिने, कितीही धुतले तरी, दुधाचा. थोरले दीर गेले, मग म्हशी विकल्या, गोठ्याच्या जागेत मोटारसायकली लागू लागल्या. त्यानंतर कितीतरी दिवस अक्काच्या हातांना कसलाच वास नव्हता, आणि मग एकाएकी हा व्हॅनिला आला.

तो आला ऋतुजामुळे. ऋतुजा ही अक्काची एकुलती एक लेक. नर्सिंग शिकली, जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या, आणि तिला तिकडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशीच तिचा वाढदिवस पडत होता. अक्काच्या माहेरी रीत अशी, की घरातून लांब निघालेल्या लेकीला शिदोरीत मुरडीचा कानवला द्यायचा. कानवला म्हणजे करंजीच, पण तिची कड कातण्यानं कापायची नाही. बोटांनी चिमटीत धरून एकेक घडी मागे वळवत जायची. तिला मुरड म्हणतात. ती मुरड ज्यानं खाल्ली तो मुरडून माघारी येतो, असा तिकडच्या बायकांचा समज. अक्का या घरात आली तीही तो खाऊनच आली होती.

ऋतुजानं तो कानवला एका वाक्यात निकालात काढला. "आई, त्यो कानवला-बिनवला नको. मी तसलं तेलकट खात न्हाय. करायचंच झालं तर वाढदिवसाला केक कर, फुलाफुलांचा."

दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज जरा मोठा येत राहिला, एवढंच. मग अक्का मागच्या गल्लीत केकचा क्लास घेणाऱ्या एका बाईंकडे जाऊन नाव घालून आली. लग्न ठरलेल्या पोरींच्या घोळक्यात ही एकटी नऊवारीतली बाई.

आणि आमच्या घरात ते क्रीम आलं. क्रीम म्हणायचं आपलं नावाला. पुठ्ठ्याच्या खोक्यातून ते बर्फाळ, निळसर पांढरं, घट्ट होत चाललेल्या खळीसारखं बाहेर यायचं. त्यात दुधाचा थेंब नसायचा, तेल आणि साखर आणि न जाणो काय काय. ज्या घरात करंगळीएवढी जाड साय विरजणात पडायची, त्या घरात हे असलं पांढरं पाप फ्रीजच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसलं. बीटर फिरला की ते फुगायचं, निलाजऱ्यासारखं फुगत राहायचं, आणि जिभेवर ठेवलं तर विरघळायचं नाही. टाळूला चिकटून बसायचं. एकदा अक्काच्या आग्रहाखातर बोटभर चाखलं आणि पुढचा अख्खा तास मी जिभेनं टाळू खरवडत बसले. त्या दिवशी मी तिला स्पष्ट सांगितलं, की हे मी मरेपर्यंत तोंडात घेणार नाही.

"घेऊ नगंस," अक्का म्हणाली. "म्हशीच्या सायीचं फूल उभं ऱ्हात न्हाय गं, मास्तरीण. ह्येचं ऱ्हातंय."

शिकणं म्हणजे नुसती ओंगळ पसाऱ्याची उजळणी होती. मेंदीच्या कोनासारखी एक प्लास्टिकची पिशवी, तिच्या टोकाला दातेरी नळी. पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटावर फुलं काढायची, बिघडली की सुरीनं खरवडून परत पिशवीत भरायची, परत काढायची. उन्हानं ते क्रीम पाझरायचं, गुलाबी रंगात हिरवा मिसळायचा, चौथ्या-पाचव्या खेपेला त्याला जखमेवरच्या जुन्या मलमाचा रंग यायचा. तरी अक्का त्यातच बोटं घालून बसलेली. नखांत लाल रंग, पदराला निळा, कानाच्या पाळीला चिकटलेला हिरवा गोळा, आणि चेहऱ्यावर वासराला पहिल्यांदा आचळाला लावणाऱ्या बाईची ती चिकाटी. केकवरून सुरी फिरवताना भुगा वर यायचा आणि पांढऱ्यात तपकिरी कोंडा दिसायचा. फुलं म्हणाल तर सगळी कोबीच्या गड्ड्यासारखी. मला बघवत नसे, पण दारात उभं राहून मी बघत असे, हेही खरंच.

कड मात्र तिला पहिल्या दिवसापासून जमली. केकच्या काठानं शिंपल्यांची रांग काढतात, एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याखाली सरकवत पुढं पुढं जायचं. अक्काची रांग उलटी जायची. तिचा प्रत्येक शिंपला जरा पुढं सरकायचा आणि अंगठ्याच्या एका झटक्यानं माघारी वळायचा. क्लासच्या बाई एकदा पीठ उसनं न्यायला घरी आल्या, तेव्हा त्यांनी ताटातली ती कड पाहून कपाळाला हात लावला. "काकू, शेपूट पुढं ओढा की. तुमचं सगळं उलटं वळतंय."

"वळूंदे की," अक्का म्हणाली.

बाई गेल्यावर मी तिला टोकलं. एवढं शिकतेस तर सांगतात तसं सरळ कर, उलटी कड काढून काय मिळणार आहे, असं काहीतरी मी बोलले असेन. उन्हं उतरली होती. खिडकीतला प्रकाश तिच्या हातांवर हळदीसारखा पडला होता, आणि त्या हातांतली पिशवी एखाद्या लुचणाऱ्या जनावरासारखी आत-बाहेर होत होती. अक्कानं मान वर केली नाही. "सरळ कड फुडं फुडंच जाती गं. ही बघ. हितनं निघाली, फुडं गेली, आन् माघारी वळली. मुरड हाय ही, कानवल्याची." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिला सांगू नगंस, हसंल. मधला केक पोरास्नी वाटला तरी चालंल. कड तेवढी तिनं खाल्ली पायजे."

मला त्या क्षणी तिची माया वगैरे काही दिसली नाही. खरं सांगायचं तर शिसारी आली. मुरड ही कणकेची, मोहनाच्या वासाची, बोटांच्या उबेनं वळलेली गोष्ट, आणि ती या गारढोण चरबीच्या लगद्यात घालायची. देवाच्या समईत गाडीचं ऑईल घालावं तसं ते मला वाटलं. पण अक्काचा अंगठा चालू होता आणि तो थांबवायची माझी छाती नव्हती.

वाढदिवसाला संध्याकाळी ऋतुजाच्या मैत्रिणी आणि कॉलेजातली पोरं आली. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, टेबल मांडलं, केक मध्ये ठेवला. गुलाबी केक, वर कोबीची फुलं जराशी कलंडलेली, आणि भोवतीनं ती कड. कड मात्र अशी रेखलेली होती की नजर फिरत फिरत परत आरंभाशी यायची. अक्का नवं लुगडं नेसून टेबलाच्या कडेला उभी होती. मेणबत्ती विझली, सुरी फिरली, अक्कानं कडेचा तुकडा चिमटीत उचलून हात पुढं केला, आणि तेवढ्यात मागून कुणाचा तरी अख्खा पंजा केकमध्ये बुडाला आणि ऋतुजाच्या तोंडावर फिरला.

मग जे झालं ते मी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाढदिवसांत पाहिलं होतं, पण आपल्या सोप्यात पाहायला लागेल असं वाटलं नव्हतं. केसांत क्रीम, नाकात क्रीम, भिंतीवर पाच बोटं उमटलेली, फरशीवर पडलेल्या कडेवरून कुणाचा तरी पाय घसरून ती फरफटत गेलेली. अन्नाला इतकं हिडीस करून टाकायचं आणि त्याचे फोटो काढायचे, याला आनंद म्हणतात. ऋतुजा हसत होती, गुदमरत होती, डोळे मिटून हात हवेत चाचपडत होती. तिच्या तोंडात बराच गोळा गेला होता. ती तशीच धावत बेसिनपाशी गेली आणि थुंकली. "आई गं, घशात गेलं सगळं," म्हणाली आणि चुळा भरल्या.

अक्का तिच्या पाठोपाठ गेली होती, चिमटीतला तुकडा तसाच धरून. मी दारातून पाहिलं. बेसिनच्या जाळीवर गुलाबी चिकट घाण साचली होती, लाळेत मिसळलेली, आणि नळाचं पाणी तिला हळूहळू खाली ढकलत होतं. अक्का त्या जाळीकडे बघत होती. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलेलं नाही, तेव्हाही नाही. तिनं ऋतुजाचं तोंड पुसलं आणि तुकडा पुढं केला. "एवढा खा." ऋतुजानं ओकारी आल्यासारखं तोंड केलं. "नको आई, उद्या खातो."

आमच्याकडच्या पोरी 'खाते', 'येते' म्हणत नाहीत, पोरांसारखं 'खातो', 'येतो' म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत बसताना ऋतुजा "येतो आई" म्हणाली आणि गेली. तो तुकडा फ्रीजमध्येच राहिला. सोप्यातली फरशी मी सोड्यानं, गरम पाण्यानं, राखेनं घासली, तरी महिनाभर तिथे पाय निसटत असे.

त्याला आता काही वर्षं झाली. ऋतुजा आलेली नाही. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला अक्का केक करते, भोवतीनं ती माघारी वळणारी कड काढते, आणि फोन पातेल्याला टेकवून उभा करते. फुलं आता फुलांसारखी दिसतात. ऋतुजा पडद्यावरून फुंकर मारते, लांबवरच्या कुठल्यातरी पांढऱ्या खिडकीतला उजेड तिच्या गालावर असतो, आणि ती म्हणते, "माझ्या वाटचं तुम्हीच खावा." अक्काला साखरेचा त्रास, तिला चालत नाही. ती माझ्यापुढं कडेचा तुकडा धरते, मी तोंड वाकडं करते, आणि केक शेजारी जातो.

यंदा फुंकर मारून झाल्यावर ऋतुजा जरा थांबली. "आई, हितली नोकरी कायम झाली. आता हिकडंच ऱ्हायचं ठरवलंय मी."

"बरं झालं बाई," अक्का म्हणाली. "सुखानं ऱ्हा."

आवाज एवढासाही हलला नाही. 'मनाला मुरड घालणे' हा वाक्प्रचार मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा म्हणते, आणि पोरं आइस्क्रीम आणि क्रिकेटची वाक्यं लिहून आणतात. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देत आले.

फोन बंद झाला. अक्कानं कडेचा तुकडा कापला आणि माझ्यापुढं धरला. हाताला व्हॅनिलाचा वास होता. "घे. तिच्या नावानं कुणीतरी खाल्ली पायजे की गं."

मी तोंड उघडलं. ते गार, ओशट, अतिगोड काहीतरी जिभेवर पसरलं, आणि अक्का माझ्या गळ्याकडे बघत बसली होती, खाली उतरतंय का म्हणून. "गेलं?" तिनं विचारलं.

"गेलं," मी म्हणाले.

ते गेलं नव्हतं. चहा प्यायले, गरम पाणी प्यायले, रात्री मिठाच्या गुळण्या केल्या, तरी तो पातळ थर टाळूला आहे तसाच होता. लांब गेलेल्या माणसाची आठवण बहुधा अशीच टाळूला बसते. गिळवत नाही, आणि थुंकायचं म्हटलं तर समोर अक्का बसलेली असते.