टेंभा खाली आला की

मी लहान असताना बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांना विचारलं होतं की, बाबा, तुम्ही काल रडत का होता. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग वडिलांपुढे आंबिलीचा वाडगा सरकवून तिने विचारलं, "राब भाजायचा राहिलाय ना?" वडील म्हणाले, राहिलाय. भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला ते निघून गेले आणि विषय तिथेच संपला.

होळीच्या सुमारास आमच्या मोखाड्याकडे बोहाडा होतो. देवादिकांचे लाकडी मुखवटे बांधून माणसं संबळ-पिपाणीवर नाचतात. त्याला आम्ही सोंग घेणं म्हणतो. कोणतं सोंग कोणत्या घराण्याचं, ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. नाचताना एखाद्याच्या अंगात वारं येतं. तो थरथरतो, लोळतो, कधी रडतो. त्या वेळी शेजारचा टेंभेवाला टेंभा खाली घेतो, म्हणजे त्या माणसाचा चेहरा अंधारात जातो. आणि सकाळी त्याच्याजवळ त्यातलं अवाक्षरही कोणी काढत नाही. वारं आलं तेव्हा तो स्वतःचा नव्हता, मग त्याला विचारायचं तरी काय?

लग्न होऊन मी या पाड्यावर आले तेव्हा देवीचं सोंग आमच्या घरी होतं. गुडघे साथ देत होते तोवर आमच्या ह्यांनी ते घेतलं. त्यानंतर धाकट्या दिरांच्या सावळाकडे गेलं. सावळा ठाण्याला एका इमारतीवर राखणीला असतो. बोहाड्याला येतो आणि पुन्हा पावसाळ्यात शेतीला येतो.

माझी नात अक्षदा जव्हारच्या वसतिगृहात राहून अकरावीला होती. मी शाळेत शिकवण्यात जन्म घालवला, पण ती मोबाइलवर जे करायची ते मला कधी जमलं नसतं. इन्स्टाग्रामवर तिने पाड्याचं पान उघडलं होतं. नाचणी दळणं, रानभाज्या निवडणं, आमच्या घरच्या बोलीतले शब्द, असलं सगळं ती त्यावर टाकायची. शब्द माझ्याकडून घ्यायची. बघणारी माणसं थोडीच होती, पण त्यांतली बरीच आमच्याकडचीच, पोटासाठी लांब गेलेली. मला ते पान आवडायचं.

गेल्या वर्षीच्या बोहाड्यात तिने सावळाचं सोंग चित्रित केलं. देवी सर्वांत शेवटी येते, पहाटेच्या अंधारात. सावळाच्या अंगात वारं आलं, मुखवटा सुटला आणि तो मातीत लोळत मेलेल्या आईला हाका मारू लागला. टेंभेवाल्या रोहिदासने रीतीप्रमाणे टेंभा खाली घेतला. तेव्हा अक्षदाने मोबाइलचा दिवा लावला.

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आपला बोहाडा जगाला दिसावा, एवढंच होतं. तिने व्हिडिओ पानावर टाकला आणि जगाला तो दिसलाही. दोन दिवसांत लाखो लोकांनी पाहिला. कोणी लिहिलं, दारू जास्त झाली. कोणी त्याच्या रडण्याला गाणं जोडलं. वसतिगृहातल्या मुली तिला खांद्यावर घ्यायच्या बाकी राहिल्या होत्या.

आठवड्याने सावळाचा मला फोन आला. तो फाटक उघडायला लागला की त्याच्या कामावरची पोरं म्हणायची, "देवी आ गयी, सलाम करो." मग म्हणाला, "काकी, पुढच्या साली मी सोंग नाय घ्यायचा. दुसरा कोणी बघा."

घराण्यात दुसरा कोणी नव्हताच. त्याचा मुलगा अजून कडेवर होता. एकदा घराण्यातून गेलेलं सोंग परत येत नाही.

अक्षदा सुट्टीला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ओरडले नाही. पायरीवर बसून तिने माझ्यासमोरच तो व्हिडिओ काढून टाकला. तोवर त्याच्या नकला शेकडो ठिकाणी पसरल्या होत्या. ती आणि तिचा वर्गमित्र तुषार रोज बसून एकेकाला लिहायची की, हा माणूस आमच्या घरचा आहे, त्याला विचारलं नव्हतं, कृपा करून काढा. काहींनी काढला. काहींनी घाणेरडं उत्तर दिलं. तुषारचे हात शिवशिवायचे. ती त्याला म्हणायची, तसंच लिहिलंस तर आपण त्यांच्यातलेच. तक्रारीचं बटण दाब आणि पुढे चल.

मग तिने पानावर स्वतःचा चेहरा समोर धरून सांगितलं की टेंभा खाली गेल्यावर दिवा लावणारी मी होते, चूक माझी आहे. ते फारच थोड्यांनी पाहिलं. पान वर चढत होतं ते घसरलं. मैत्रिणींनी वेड्यात काढलं. तिने ते तसंच ठेवलं.

पण सावळाची माफी मागायची कशी? माफी मागायची तर त्या पहाटेचं बोलावं लागणार, आणि नेमकं तेच बोलायचं नसतं. तिने मला विचारलं.

शेवटी तिचं तिलाच सुचलं. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, सावळा गावी आला, तशी ती सकाळी त्याच्या शेतावर जाऊन चिखलात उतरली. सावळाची बायको सुकरी पहिल्या दिवशी तिच्याशी बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कॉलेजच्या बाईंनी वाकडी ओळ लावलीय." अक्षदाने ती उपटून पुन्हा लावली. आवणी संपेपर्यंत ती जात राहिली. सावळा तिला रोपांच्या मुठी देत होता. दोघांत भाताखेरीज बोलणं नव्हतं.

यंदा बोहाड्याच्या बैठकीत सोंगांची नावं घेताना सगळे देवीपाशी थांबले. सावळा खाली बघत म्हणाला, "घेईन. पण अक्षदाला टेंभ्यापाशी उभी करा."

अक्षदाने लक्ष ठेवायला शाळेतली पोरं गोळा केली. संध्याकाळीच माइकवरून सांगितलं की सोंगं येताना हवं तेवढं चित्रण करा, कोणाचा चेहरा जवळून घ्यायचा तर आधी त्याला विचारा, आणि टेंभा खाली आला की मोबाइल खाली. नाशिक-मुंबईहून आलेले पाहुणे होते, गावचे तर होतेच.

पहाटे देवी आली. संबळ तापला, सावळाच्या अंगात वारं आलं आणि रोहिदासचा टेंभा खाली गेला. त्यासरशी भोवतालचे उजेड एकेक करून विझले. एक मात्र राहिला. महागडा कॅमेरा घेतलेला एक गृहस्थ पुढे सरकत होता. अक्षदा जाऊन त्याच्या भिंगासमोर उभी राहिली. त्याने विचारलं, तू कोण मला सांगणारी?

"गेल्या वर्षी व्हिडिओ मीच काढला होता," ती म्हणाली. "म्हणून सांगते."

त्याने कॅमेरा खाली घेतला. किती वर्षांनी मी तसा काळोख पाहिला. त्यात सावळा आईला हाका मारत होता, आणि त्या फक्त आम्हाला ऐकू येत होत्या.

उन्हं वर आल्यावर सावळा आमच्या अंगणात येऊन बसला. डोळे लाल, केसांत माती. मी उठणार, तोच अक्षदा आतून वाडगा घेऊन आली. माझ्या आईची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती.

"काका, राब भाजून झाला?"

सावळाने आंबील संपवली आणि वाडगा खाली ठेवला.

"अर्धा राहिलाय," तो म्हणाला. "येशील?"