आज दळण बंद

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंगरी बाकाखाली शिरली होती, दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून. तिच्या शेजारी फरशीवर तिची आईही आडवी झाली होती. सात वर्षांची मुलगी फरशीवर लोळली तर लोक समजून घेतात, पण चांगली धडधाकट बाई लोळली की त्यांना घाम फुटतो. शिपाई दोनदा चक्कर मारून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा न राहवून म्हणाला, "ताई, बरं दिसत नाही हो हे. उठवा तिला."

"मग बघू नका," ती खालूनच म्हणाली. "बसवाल्याने सगळा रस्ता हॉर्न वाजवलाय. तो आवाज तिच्या डोक्यात अजून चालूच आहे. थांबला की उठेल आपली आपण."

शिपाई मनाने वाईट नव्हता. जाता जाता त्याने खडखडणारा पंखा बंद केला.

गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून भिंगरीच्या आईची पिठाची गिरणी होती, म्हणून सगळे तिला गिरणीवाली म्हणायचे. नवरा दूरच्या कारखान्यात, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. मुलगी गिरणीतच वाढली. सारखी गोल गोल फिरायची म्हणून भिंगरी. बोलायची मात्र नाही. "बोलेल गं, तिचा बापही उशिराच बोलला," असं म्हणत सासूबाईंनी दोन-तीन वर्षं सहज घालवली. शेवटी या दवाखान्यात महिन्यातून एकदा शहरातून येणाऱ्या मॅडमने तिला शब्द सांगितला, ऑटिझम. मग सोपं करून सांगितलं, स्वमग्न. "स्वतःत मग्न तर हिचा बापही आहे," गिरणीवाली म्हणाली होती, "त्याला कुणी दवाखान्यात आणत नाही!" मॅडम खळखळून हसली होती. त्या हसण्याच्या भरवशावर गिरणीवाली पुन्हा पुन्हा येत राहिली.

आज मॅडम हसली नाही. तिने टेबलावर रंगीत ठोकळे मांडले. भिंगरीने टेबलाकडे पाठ केली. मॅडमने हाक मारली, टाळी वाजवली, ठोकळ्यावर ठोकळा ठेवून दाखवला. शेवटी ती मागे टेकून बसली.

"गेल्या वेळीही हेच झालं. ती काहीच करत नसेल तर मी शिकवू काय तिला? पुढच्या महिन्यातही असंच झालं तर तिची वेळ मला दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. वरून विचारतात हो मला. तुम्ही शहरातल्या सेंटरवर का नेत नाही?"

"गिरणी डोक्यावर घेऊन जाऊ? आणि दुसरी मुलं कुठे आहेत? बाहेर तर आम्ही दोघीच लोळतोय."

"नावं घालतात आणि येत नाहीत."

"त्या बसने कोण येईल? मॅडम, तुम्ही बघताय ती माझी मुलगी नाहीच. बसने चोळामोळा करून तुमच्यापुढे टाकलेली कुणीतरी आहे. माझी मुलगी बघायची तर गिरणीत या. तुमची जीप दर महिन्याला आमच्या दारावरूनच जाते."

"असं मध्येच थांबता येत नाही. नियम आहेत."

"मग टायर पंक्चर झालं समजा."

मॅडम हो म्हणाली नाही. पण नाहीही म्हणाली नाही, आणि गिरणीवालीला तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्याच दिवसापासून तिने दळणाला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायला सुरुवात केली. "पुढच्या खेपेला मॅडम यायच्या त्या दिवशी दळण बंद. ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांनी घेऊन यायचं." बायका एकदम आपापल्या डब्यांची झाकणं नीट करायला लागल्या. "आमच्याकडे नाही बाई असलं कोणी," एक जण म्हणाली. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंनी तोंड उघडलं. "अख्ख्या गावात बोभाटा केलास. उद्या पोरीचं लग्न कसं व्हायचं?"

"आई, तिला अजून पाणी मागता येत नाही. लग्नाचं राहू द्या."

तो दिवस उजाडला. गिरणीवालीने दारावर पाटी लावली, 'आज दळण बंद'. गिरणी मात्र तिने चालू ठेवली होती. त्या एकसुरी घरघरीत भिंगरी शांत असायची. रिकामी गिरणी फिरवली तर दगडावर दगड घासून वाया जातात, म्हणून ती घरातल्याच गव्हाच्या पोत्यातून थोडे थोडे गहू वरून सोडत होती.

सगळ्यांत आधी आली ती "आमच्याकडे नाही" म्हणणारीच. काखेत तिचा मुलगा, पायापर्यंत शालीत गुंडाळलेला. गिरणीवालीने एका शब्दाने तिला टोचलं नाही, पोती सरकवून बसायला जागा केली. मग म्हातारा सुतार आला. त्याने ज्याचा हात धरला होता तो दाढीवाला उंच माणूस दारातून वाकून आत शिरला.

"हा तुमचा मुलगा ना काका? हा तर कामाला बाहेरगावी गेला होता."

"कुठे गेला नव्हता. मागच्या खोलीत होता," सुतार म्हणाला.

जीप आली, आणि वेग कमी न करता दारावरून निघाली. गिरणीवाली पिठाने माखलेली, तशीच धावत रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि काय काय बोलला. ती जागची हलली नाही.

"अहो, मला उशीर झालाय," मॅडम खिडकीतून म्हणाली. "तिकडे लोक थांबले असतील."

"तिकडे कोणी नाही. तिकडे यायचे ते सगळे इथे बसलेत."

मॅडमने तिच्या खांद्यावरून गिरणीच्या दाराकडे पाहिलं. मग ती जीपमधून उतरली.

आत येऊन तिने पुन्हा ठोकळे काढले. भिंगरीने ढुंकूनही पाहिलं नाही. ती पिठाच्या धारेखाली हात धरून उभी होती. धार बारीक झाली तशी ती पळत आईकडे गेली, तिचं मनगट धरून तिला ओढत पोत्यापाशी नेलं आणि आईचा हात गव्हावर ठेवला.

"काय म्हणतेय ती?" मॅडमने विचारलं.

"टाक म्हणतेय."

"म्हणजे मागतेय!" मॅडमने ठोकळे पिशवीत टाकले, एका भांड्यात गहू भरले आणि ते छातीशी धरून ती भिंगरीसमोर बसली. धार थांबत आली. भिंगरीने भांड्याकडे पाहिलं. मग वर, मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचं मनगट धरलं.

गिरणीवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने पदराने डोळे पुसले, तर चेहराभर पीठ झालं.

"दर महिन्याला आधी इथे थांबेन," मॅडम म्हणाली. "नियमांचं मी बघते." शालीतल्या मुलाजवळ ती बराच वेळ बसली. मग सुताराकडे वळली. "याचं वय?"

"अठ्ठावीस."

"इतकी वर्षं..." ती सुताराच्या मुलाकडे बघून म्हणाली. "काका, माझं काम फक्त लहान मुलांचं आहे. मोठ्यांसाठी या भागात कुणीच नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

"वाटलंच होतं," सुतार म्हणाला. "दाखवायला नव्हताच आणला."

"मग?"

"याला चारचौघांत आणता येतं का, तेवढं बघायचं होतं."

त्याचा मुलगा गिरणीच्या लाकडी खोक्याला दोन्ही तळवे आणि गाल टेकवून बसला होता. डोळे मिटलेले. गिरणीच्याच सुरात तो गुणगुणत होता.

जीप गेली. पोतं तळाला आलं होतं. दाराबाहेर बायका डबे घेऊन जमल्या होत्या, गिरणीचा आवाज ऐकून. त्यांच्या नजरा आत, त्या दाढीवाल्यावर खिळल्या होत्या. सुताराने त्या नजरा पाहिल्या आणि तो मुलाचा हात धरून उठायला लागला.

"बसा काका."

"गहू संपले तुझे, पोरी. आता गिरणी थांबणार."

"तुम्ही बसा म्हणते ना."

ती दाराशी गेली. पुढची बाई म्हणाली, "वहिनी, गिरणी तर चालू आहे. मग आमचंच दळण का बंद?"

"आण तो डबा," गिरणीवालीने तिच्या हातातून डबा काढूनच घेतला. "दळून देते. पण आज बाहेर उभं राहायचं नाही. आत येऊन बसायचं, यांच्यासोबत. दळण होईपर्यंत."

डबा वरून रिता झाला. घरघर पुन्हा भरदार झाली. ती बाई उंबऱ्यात घुटमळली, मागच्या बायकांकडे तिने एकदा पाहिलं. मग आत आली, आणि सुताराने आपल्या मुलाला थोडंसं सरकवून तिला जागा करून दिली.