गाळलेलं सातवं प्रकरण

कष्टकऱ्यांची बाजू घेऊन फादरांनी पाच जाडजूड ग्रंथ लिहिले होते. दूरदूरचे विद्वान त्यांना मान देत आणि इथले बिशप त्यांना टरकून असत. पण ग्रंथ आधी ऐकायची ती त्यांची थोरली बहीण. मिशनच्या इस्पितळातल्या धुलाईखान्यात तिने एकतीस वर्षं चादरी उकळल्या होत्या आणि तिला अक्षरओळख नव्हती. ताई इस्त्री करायची, फादर वाचून दाखवायचे. एखादं वाक्य डोक्यावरून गेलं की ती म्हणायची, "धाकट्या, हे माणसांच्या भाषेत सांग." मग फादर, एवढे मोठे पंडित, मुकाट्याने ते वाक्य बदलायचे.

शेवटच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण तिला फार आवडलं होतं. जगाला न्याय शिकवणाऱ्या चर्चने आधी आपल्या पदरच्या नोकरांना न्याय द्यावा, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. छापायची परवानगी देताना बिशपांचं घोडं नेमकं तिथेच अडलं. एवढं एक गाळा, बाकीचं खुशाल छापा, असं त्यांनी गोडीत सांगितलं. फादरांनी गाळलं. बाकीचं तरी लोकांपर्यंत पोचेल, अशी मनाची समजूत घातली. ताईला सांगायला मात्र त्यांची जीभ रेटली नाही.

पुढच्याच वर्षी धुलाईखान्यातल्या बायकांनी रबरी हातमोजे मागितले. रोग्यांच्या कपड्यांनी त्यांचे हात कोपरापर्यंत सोलवटले होते. इस्पितळाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तेव्हा ताईसकट बाराजणींनी काम थांबवलं. बायका घाबरत होत्या, पण ताईने त्यांना धीर दिला: माझ्या भावाने पुस्तकात छापलंय, वर बिशपांची सही आहे, आपल्याला कोण काढतंय? आठवड्याभरात बाराहीजणींना काढलं.

त्याविरुद्ध बायकांनी केलेल्या अर्जाची शेवटची सुनावणी इस्पितळाच्या सभागृहात झाली. बहिणीच्या बाजूने चार शब्द बोलावेत म्हणून फादर आले होते. ताई उभी राहिली आणि अख्खं सातवं प्रकरण घडाघडा म्हणू लागली. तिला एकेक वाक्य तोंडपाठ होतं. ती या आधारावर उभी आहे, हे त्यांना आत्ता कळत होतं.

व्यवस्थापकाने पुस्तक पुढे सरकवलं आणि पान कितवं, असं अदबीने विचारलं. ताईने भावाकडे पाहिलं.

"ते पुस्तकात नाही," फादर म्हणाले. "मी काढलं."

"म्हणजे खुद्द फादरांनाही ते छापण्यालायक वाटलं नाही," व्यवस्थापक म्हणाला आणि त्याने पुस्तक मिटलं. बाकीच्या अकराजणी ताईकडे बघत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

निकालाचं पाकीट जिन्यातच ताईच्या हातात पडलं. घरात आलेला प्रत्येक कागद आजवर फादरच तिला वाचून दाखवत आले होते. सवयीने त्यांनी हात पुढे केला. ताई त्यांना ओलांडून खाली उतरली आणि तिने पाकीट फाटकावरच्या पहारेकऱ्यापुढे धरलं.

"दादा, एवढं वाचून दाखवा," ती म्हणाली. "काही गाळू नका."