बिराप्पाच्या नावाला ओ

मुलांनो, घटकाभर असं समजा, की तुम्ही जळकोटच्या पलीकडल्या एका गावात आहात. पंधरा ऑगस्टची सकाळ आहे, झेंडावंदन नुकतंच झालंय. शाळेसमोर काळ्या दगडाचा एक खांब आहे आणि त्यावर गावच्या चार जवानांची नावं कोरली आहेत. लढाईवर गेले, ते परत आले नाहीत. आता त्या खांबाजवळ नऊ वर्षांची एक मुलगी मनातल्या मनात उभी करा. तिचं नाव हुमेरा.

गावाची रीत अशी, की निवृत्त हवालदार रेवणप्पा खांबाशी उभे राहून एकेक नाव पुकारतात. ज्या घरचं नाव, त्या घरचं माणूस एक पाऊल पुढं येऊन म्हणतं, हजर. फौजेत हजेरी घेतात ना, तशी. खांबावरचं समद हे नाव हुमेराच्या घरचं. तो तिच्या दादीचा, कुलसुमबीचा, थोरला भाऊ. पन्नासेक वर्षं दादीनंच त्याच्या नावाला ओ दिली होती. यंदा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उन्हाधुळीत जायला मना केलं. म्हणून काम नातीकडं आलं. इतक्या वर्षांत समदचं नाव एकदाही रिकामं गेलं नव्हतं. ते आपल्या पाळीत जाऊ नये, एवढीच हुमेराला धास्ती.

दादीनं खूण सांगून ठेवली होती. "नाव नीट ऐकू न्हाय आलं तरी भिऊ नको. सगळे गप झाले की समज, आपलीच पाळी. लगेच बोलायचं."

रेवणप्पांनी पुकारलं, "आबाराव." आबारावांचा नातू पुढं आला आणि हजर म्हणाला. मग पुढचं नाव, "बिराप्पा."

कुणीच बोललं नाही. या नावाला दर वर्षी बिराप्पाची बहीण सरुबाई ओ द्यायची. ती उन्हाळ्यात वारली, आणि तिच्यामागं त्या घरात कुणी उरलं नव्हतं. अख्खं गाव तिच्या मातीला गेलं होतं. पण आता या नावाला कोण, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. माणसं एकमेकांकडं बघत राहिली.

सगळे गप्प झाले म्हणजे आपलीच पाळी. हुमेरानं पाऊल टाकलं आणि जीव खाऊन ओरडली, "हजर."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. शेजारच्या गौरीनं तिची बाही ओढली. "अगं येडे, तुझं पुढचं हाय."

हुमेराचे कान तापले. सगळं चुकलं, दादीला काय सांगू, असं तिला झालं. ती मागं सरकणार, तोच रेवणप्पांनी हात वर केला.

"थांब पोरी. एकदा लागलेली हजेरी आमी खोडत न्हाय. बिराप्पाला कुणी नव्हतं, आता तू हायस. हाय तिथंच उभी ऱ्हा."

एका म्हाताऱ्यानं, "बरं झालं," म्हणत टोपी सारखी केली. रेवणप्पांनी घसा खाकरला आणि पुकारलं, "समद."

गौरी आता नुसती बघत होती. हुमेरानं होती तिथून आणखी एक पाऊल पुढं टाकलं, ताठ उभी राहिली, आणि या खेपेला अजिबात घाई न करता म्हणाली, "हजर."