घंटेवर पडलेले सर

बॉक्सिंगच्या हॉलमध्ये पोरं आपल्या प्रशिक्षकाला पाठीमागे तोफखाना म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. शिव्या घातल्याशिवाय पोरांच्या अंगात ठोसा भिनत नाही, असं त्याचं ठाम मत. मागे एकदा पंचांच्या दिशेनं स्टूल गेलं, तेव्हा चौकशीत त्यानं "हातातून निसटलं" म्हणून सांगितलं होतं.

"निसटलेलं स्टूल तिसऱ्या रांगेपर्यंत कसं गेलं?" बायकोनं विचारलं. तो तिच्यावरच ओरडला आणि मग मुकाट्यानं भांडी घासायला बसला.

त्याची सगळ्यात चांगली शिष्या म्हणजे चिंगी. शिवणकाम करणाऱ्या बाईची एकुलती एक लेक. अंगानं काडी, पण डाव्या हाताचा ठोसा असा की समोरचीला आपलं नाव आठवावं लागे. ती स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली, तेव्हा तोफखान्यानं नवा शर्ट घातला. फोटोत आपण मधोमध असणार, हे त्यानं गृहीतच धरलं होतं.

दुसरी फेरी संपवून चिंगी कोपऱ्यात येऊन बसली. डावा डोळा टम्म सुजून मिटत आला होता.

"सर, या बाजूचं दिसत नाहीये."

"तुला बघायचंय कशाला? मी बघतोय ना! रडूबाई कुठली. एवढ्यासाठी घाम गाळला का मी?"

घाम तिनं गाळला होता, हे त्याला बोलता बोलताच जाणवलं. पण जीभ एकदा सुटली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

समोरच्या कोपऱ्यातून दुसऱ्या मुलीचा प्रशिक्षक पंचांना म्हणाला, "डॉक्टरांना बोलवा. पोरीचा डोळा जाईल." हा माणूस आणि तोफखाना तरुणपणी एकाच उस्तादांकडे शिकलेले. कुठल्याशा निवडीवरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद.

"तुझी जिंकावी म्हणून माझीला बसवतोस?" तोफखाना रिंगला वळसा घालून तरातरा निघाला. गेल्या गेल्या त्यानं ठोसा उगारला. ठोसा जुना, पोट नवं. समोरचा नुसता बाजूला झाला. तोफखाना भिरभिरत वेळ मोजणाऱ्याच्या टेबलावर जाऊन पडला, तो थेट घंटेवर. ठणठणाट झाला. तिसरी फेरी सुरू झाली असं समजून समोरची मुलगी शिस्तीत उठून रिंगच्या मध्यावर आली.

चिंगी उठली, पण लढायला नाही. हात वर करून पंचांना म्हणाली, "मला दिसत नाहीये. मी थांबते."

हॉलमध्ये हशा पिकला होता, तो एकदम विझला.

प्रथमोपचाराच्या खोलीत दोघंही शेजारीशेजारी बसले. डॉक्टरीणबाईंनी चिंगीचा डोळा तपासला. म्हणाल्या, "वाचलीस. आणखी एक फटका बसला असता, तर मी असं सांगू शकले नसते." मग त्याचं सुजलेलं मनगट हातात घेऊन विचारलं, "तुम्हाला कुणी मारलं?"

"टेबलानं," तो म्हणाला. चिंगी हसली नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यावर त्यानं घसा खाकरला. "तू तरी जरा जोरात सांगायचंस ना! एवढीशी पुटपुटलीस, मला काय कळणार? आणि आता डोक्यावरून पाणी घेऊ नकोस आठवडाभर, अक्कल आहे ना?"

"सर, ही माफी आहे का?"

त्याला घाम फुटला. एवढा घाम त्याला रिंगमध्येही कधी फुटला नव्हता.

"...हो."

"मग परत मागा. नीट."

"चुकलो मी, पोरी." आवाज इतका बारीक निघाला की त्यालाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. मग आई आली. आईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. लेकीला धरून ती निघून गेली.

त्याच्यावर वर्षभराची बंदी आली. डोळा बरा झाल्यावर चिंगी पुन्हा खेळायला लागली, ती मात्र त्या दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हॉलमध्ये. पोरांनी भीत भीत ही बातमी सांगितली, तेव्हा तोफखाना ओरडायला तोंड उघडून बसला आणि मग तसाच उघड्या तोंडानं घरी गेला.

चार दिवस त्यानं तळमळत काढले. पाचव्या दिवशी बायकोनं चप्पल पुढ्यात ठेवली. "जा. सांगायचंय ते सांगून ये."

तो गेला. उस्तादांकडचा जुना सोबती हॉलच्या दारातच भेटला. आत दोरीवरच्या उड्यांचा आवाज येत होता.

"भांडायला आलो नाही," तोफखाना म्हणाला. "चिंगी दमली की तिचा उजवा हात खाली येतो. हनुवटी उघडी पडते. ओरडलं की आणखी खाली येतो. हळू सांगितलं तर..." तो अडखळला. "हळू सांगून मी कधी बघितलं नाही. तू बघ."

"बघितलं. वर राहतो हात," सोबती म्हणाला. "चहा घेणार?"

तोफखान्याला नाही म्हणायचं होतं. पण तो खुर्ची ओढून बसला.